इन्सुलिन सुरू झाल्यावर वजन का वाढते?

टाइप १ मधुमेह असलेल्या अनेक प्रौढांच्या मनात एक प्रश्न वर्षानुवर्षे घर करून असतो, पण तपासणीच्या वेळी तो क्वचितच मोकळेपणाने विचारला जातो. ज्या इन्सुलिनशिवाय जगणे शक्य नाही, त्याच इन्सुलिनमुळे वजन वाढत असेल, तर करायचे काय? विचारलाच, तर बहुधा ‘कमी खा, जास्त चाला’ असे मोघम उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे आहे, आणि माझ्या मते काहीसे अन्यायाचेही आहे, कारण या आजारात भूक, आहार, इन्सुलिनचा डोस आणि अचानक खाली येणारी साखर ही चारही एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की त्यांतली एकच ओढून गुंता सुटत नाही.

इन्सुलिन हाती येण्यापूर्वी हा आजार माणसाची काय दशा करत असे, हे आधी पाहू. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरँटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, तेव्हा त्याचे वजन जेमतेम २९ किलो होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोरँटोला उपचारासाठी आणलेली एलिझाबेथ ह्यूज पंधरा वर्षांची होत आली होती आणि तिचे वजन सुमारे २० किलो भरले. तोवर तिला अत्यंत तुटपुंज्या आहारावर जगवले होते, कारण त्या काळी जाणीवपूर्वक केलेली उपासमार हाच काय तो उपचार होता. इन्सुलिन मिळू लागल्यावर तिचे अंग भरले आणि ती १९८१ पर्यंत जगली. त्या पिढीतील डॉक्टरांना वाढते वजन हेच उपचार लागू पडल्याचे सर्वांत आनंददायक लक्षण वाटे, आणि निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांपुरते ते आजही तसेच मानले पाहिजे.

टाइप १ मधुमेहात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट करते आणि इन्सुलिन तयार होणे जवळजवळ थांबते. इन्सुलिन नसले की रक्तातील साखर स्नायूंमध्ये आणि चरबीच्या पेशींमध्ये पुरेशी शिरत नाही, यकृत मात्र नवनवीन साखर बनवून रक्तात सोडत राहते. साखरेची पातळी साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही आणि उरलेली लघवीवाटे बाहेर पडते. समजा, दिवसाला ७५ ग्रॅम साखर अशी वाया गेली, तर एका ग्रॅममागे सुमारे ४ कॅलरी या हिशेबाने रोजच्या ३०० कॅलरी शरीराला न लागताच निघून जातात. माणूस जेवतो, पण त्या जेवणातला एक भाग अंगी लागतच नाही. त्यातच इंधनासाठी चरबी आणि स्नायूंमधील प्रथिने झपाट्याने मोडली जातात, पाणीही लघवीवाटे निघून जाते, आणि म्हणून निदानाच्या वेळी माणूस खूप खाऊनही वाळलेला दिसतो.

इन्सुलिन सुरू झाले की ही गळती बंद होते. वजन वाढण्याचे पहिले आणि सर्वांत सरळ कारण हेच आहे. ज्या ३०० कॅलरी काल लघवीतून जात होत्या, त्या आज शरीरात राहतात, पण माणसाची खाण्याची सवय आणि भूक मात्र गळतीच्या काळातच घडलेली असते. आधी गमावलेले वजन परत येईपर्यंत हे हवेच असते. त्यानंतरही आहार तसाच राहिला, तर ज्या कॅलरींनी भरपाई केली त्याच आता साठू लागतात. ज्यांची साखर अनेक वर्षे वाढलेली होती आणि नंतर उपचार सुधारून ती आटोक्यात आली, त्यांच्या बाबतीतही हेच घडते. अशा वेळी ‘मी काहीच जास्त खाल्ले नाही, तरी वजन वाढले’ असे ती व्यक्ती म्हणते, तेव्हा ती बहुतेक वेळा अगदी खरे बोलत असते.

इन्सुलिनचे काम केवळ साखर उतरवण्यापुरते नाही. शरीर बांधण्याचा आणि साठा करण्याचा तो मुख्य निरोप्या आहे. तो चरबीचे विघटन रोखतो, रक्तातील चरबी पेशींत साठवायला मदत करतो, स्नायूंची झीज थांबवतो. यातील चरबीचे विघटन रोखायला तर इन्सुलिनची अगदी थोडी मात्राही पुरते, आणि म्हणूनच इन्सुलिन पूर्णपणे तुटले की चरबी बेसुमार मोडून रक्तात कीटोन ही आम्ले साचतात आणि कीटोॲसिडोसिस ही जिवावर बेतणारी अवस्था ओढवते. मात्र इन्सुलिन शून्यातून चरबी निर्माण करत नाही. शरीराच्या गरजेपेक्षा जास्त ऊर्जा आत आली, तरच ती साठते. त्यामुळे खरा शोध घ्यायचा तो ही जास्तीची ऊर्जा येते कुठून याचा.

याबाबत आपल्याला जे ठामपणे ठाऊक आहे, त्यातील बराच भाग डीसीसीटी या अभ्यासातून आला आहे. अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ जणांचा हा अभ्यास १९८३ ते १९९३ या काळात झाला. एका गटाला दिवसातून एकदोन इंजेक्शने, ही त्या वेळची रूढ पद्धत चालू ठेवली, तर दुसऱ्या गटाला तीन किंवा अधिक इंजेक्शने अथवा त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडणारा पंप देऊन साखर शक्य तितकी सर्वसामान्य पातळीजवळ ठेवली. रूढ गटाचे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, ९ टक्क्यांच्या आसपास राहिले आणि काटेकोर गटाचे ७ च्या आसपास. ज्यांच्या डोळ्यांना सुरुवातीला इजा नव्हती, त्यांच्यापैकी काटेकोर गटात दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मूत्रपिंड आणि नसांनाही मोठे संरक्षण मिळाले. या लाभाबरोबर दोन गोष्टी मात्र आल्या. साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, आणि पाच वर्षांनंतर काटेकोर गटाचे सरासरी वजन दुसऱ्या गटापेक्षा ४.६ किलोने अधिक वाढलेले आढळले.

हे दोन दुष्परिणाम शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत, असे मला वाटते, कारण त्यांचा एकमेकांशी संबंध आहे आणि तो पुढे येईलच. शिवाय ४.६ किलो ही सरासरी आहे. काहींचे वजन फारसे हलले नाही, तर काहींचे पुष्कळ वाढले, आणि ज्यांचे सर्वाधिक वाढले, त्यांच्या पोटाचा घेर, रक्तदाब आणि अपायकारक कोलेस्टेरॉलही वाढलेले दिसले. तरीही त्याच लोकांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काटेकोर उपचार घेतलेल्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ४२ टक्क्यांनी कमी होता. वजन वाढले तरी एकूण हिशेबात साखर आटोक्यात ठेवणेच लाभाचे ठरले. वजनाच्या भीतीने उपचार सैल करणे हा मार्ग नव्हे, तो याच कारणाने.

बाहेरून दिलेले इन्सुलिन आणि स्वादुपिंडाचे इन्सुलिन यांत एक मूलभूत फरक आहे, जो रुग्णाला फारसा कुणी सांगत नाही. निरोगी शरीरात इन्सुलिन स्वादुपिंडातून थेट यकृताकडे जाते. यकृत त्यातील सुमारे निम्मे स्वतःच वापरून संपवते आणि उरलेले बाकीच्या शरीराला मिळते. इंजेक्शनचे किंवा पंपाचे इन्सुलिन मात्र त्वचेखालून सरळ सर्वसाधारण रक्तप्रवाहात येते. त्यामुळे यकृताला पुरेसे इन्सुलिन पोहोचवायचे, तर स्नायू आणि चरबी यांना त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त मिळते. साठवणुकीकडे झुकणारा हा असमतोल आजच्या कोणत्याही इंजेक्शनात किंवा पंपात पूर्णपणे टाळता येत नाही. याशिवाय बीटा पेशी इन्सुलिनसोबत ॲमिलिन नावाचे आणखी एक संप्रेरक सोडत असतात, जे पोट सावकाश रिकामे होऊ देते आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूला देते. बीटा पेशींबरोबर तेही जाते. टाइप १ मधुमेहातील भूक ही केवळ सवय किंवा लालसा नसते. ती शमवणाऱ्या यंत्रणेचा एक भागच तिथे उरलेला नसतो.

आता साखर अचानक उतरण्याविषयी. वजनाच्या चर्चेत हा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित राहतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तिला ‘लो’ म्हणतात. मधुमेह नसलेल्या माणसाच्या शरीरात अशा वेळी इन्सुलिन थांबते आणि ग्लुकागॉन हे संप्रेरक यकृताकडून साखर सोडवून घेते. टाइप १ मध्ये टोचलेले इन्सुलिन परत घेता येत नाही, आणि काही वर्षांत ग्लुकागॉनचा हा प्रतिसादही मंदावतो. राहतो तो एकच उपाय, खाणे.

मध्यरात्री तीनच्या सुमारास जाग येते. अंगाला घाम सुटलेला असतो, हात थरथरत असतात, छातीत धडधडत असते, आणि मेंदूला साखर कमी पडत असल्यामुळे एक अनावर, घाबरलेली भूक लागलेली असते. नियम सांगतो की लवकर शोषली जाणारी १५ ग्रॅम साखर घ्यावी, १५ मिनिटे थांबावे आणि पुन्हा मोजावे. १५ ग्रॅम साखर म्हणजे ६० कॅलरी. पण ती पंधरा मिनिटे फार लांबतात. घेतलेली साखर रक्तात पोहोचेपर्यंत भूक थांबत नाही, आणि त्या अवस्थेत हाताला लागेल ते खाल्ले जाते. पाहता पाहता ३०० ते ४०० कॅलरी पोटात जातात. आठवड्यात असे तीन प्रसंग घडले, तर हजारभर कॅलरी केवळ ‘उपचार’ म्हणून आत गेलेल्या असतात. सकाळी साखर चढलेली दिसते, ती उतरवण्यासाठी जादा इन्सुलिन घेतले जाते, दुपारी पुन्हा लो होते, आणि हे चक्र चालू राहते. या सगळ्याला खादाडपणा म्हणणे क्रूरपणाचे आहे. त्या घटकेला शरीर जीव वाचवण्यासाठी खात असते.

म्हणून वजनाची तक्रार घेऊन आलेल्या टाइप १ रुग्णाला पहिला प्रश्न ‘काय खाता?’ हा नव्हे, तर ‘आठवड्यातून किती वेळा साखर उतरते, आणि ती उतरल्यावर किती खावे लागते?’ हा विचारायला हवा. लो वारंवार होत असतील, तर कॅलरी कमी करण्याचा सल्ला उलटतो, कारण कमी खाल्ले की तोच डोस आणखी भारी पडतो. आधी डोस कमी करावा लागतो. ग्लुकोजच्या मोजलेल्या गोळ्या उशाशी ठेवणे हा उपाय वरवर किरकोळ वाटेल, पण त्यामुळे उठून खाण्याच्या कपाटापर्यंत जावे लागत नाही आणि किती घेतले हेही कळते. सतत साखर मोजणारे सेन्सर वापरणाऱ्यांना साखर उतरू लागल्याची सूचना आधीच मिळते, त्यामुळे थोडक्यात भागवता येते.

या दुष्टचक्राचे मूळ पुष्कळदा बेसल इन्सुलिनच्या जादा डोसात असते. दिवसभराचे इन्सुलिन दोन कामांसाठी लागते: जेवण नसतानाही यकृतातून येणारी साखर सांभाळणारे बेसल आणि जेवणासाठीचे बोलस. एकूण मात्रेपैकी साधारण ४० ते ५० टक्के बेसल असते. ते गरजेपेक्षा जास्त झाले, तर माणसाला इन्सुलिनच्या तालावर खावे लागते. जेवण थोडे उशिरा झाले की साखर घसरते, दोन जेवणांच्या मध्ये काहीतरी खावेच लागते, झोपण्यापूर्वी ‘खबरदारी म्हणून’ काही घ्यावे लागते. तपासण्याची रीत सोपी आहे, पण ती डॉक्टरांना विचारूनच करावी. एक जेवण व त्याचे बोलस वगळायचे आणि त्या काळात साखर कशी राहते ते ठरावीक अंतराने पाहायचे. ती जवळपास स्थिर राहिली, तर बेसल योग्य आहे. सतत खाली येत राहिली, तर ते जास्त आहे.

जेवणाच्या इन्सुलिनचा हिशेब कर्बोदकांवरून करायला शिकणे, हा पुढचा भाग. ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी राबवलेल्या डॅफ्ने या प्रशिक्षणाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लोकांना ठरावीक डोसाप्रमाणे खाण्याऐवजी जेवणाप्रमाणे डोस ठरवायला शिकवले होते. त्यांचे एचबीए१सी सुधारले, तरी वजनात लक्षणीय वाढ झाली नाही. साखर सुधारली की वजन वाढणारच, असा नियम नाही, हे यावरून दिसते. मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. कोणत्याही पदार्थाला पुरेल इतके इन्सुलिन घेता येते हे कळल्यावर साखरेचा आलेख सपाट दिसतो आणि कॅलरींकडे दुर्लक्ष होते. स्निग्ध पदार्थांमधल्या कॅलरी कर्बोदकांच्या हिशेबात येतच नाहीत, पण शरीराच्या हिशेबात त्या ग्रॅममागे ९ धरल्या जातात.

व्यायामाचेही असेच आहे. अर्धा तास वेगाने चालून खर्च झालेल्या कॅलरी, चालताना साखर उतरेल या भीतीने आधी खाल्लेल्या खाण्यात भरून निघत असतील, तर वजनाच्या दृष्टीने हाती काही लागत नाही. ठरवून केलेल्या व्यायामासाठी शक्यतो आधीच्या जेवणाचे बोलस किंवा पंपावरील बेसल वेळेवर कमी करावे, हे अधिक योग्य. ते किती कमी करायचे, हे व्यायामाचा प्रकार, वेळ आणि सुरुवातीची साखर यांवर ठरते, आणि ते प्रत्येकाला आपल्या डॉक्टरांबरोबर स्वतःपुरते शोधावे लागते. एक लक्षात असू द्यावे की संध्याकाळच्या व्यायामाचा परिणाम रात्रभर टिकू शकतो.

वजन वाढले म्हणजे प्रत्येक वेळी चरबीच वाढली असे नाही. इन्सुलिन नव्याने सुरू झाल्यावर किंवा फार चढलेली साखर लवकर आटोक्यात आल्यावर मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात, पायांवर सूज येते आणि काही दिवसांत काटा एकदोन किलो पुढे सरकतो. ही सूज बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. टाइप १ असलेल्यांत थायरॉइडची कमतरता अधिक आढळते, म्हणून अकारण वाढणाऱ्या वजनामागे तीही तपासावी.

इंजेक्शनच्या जागेकडेही पाहावे. एकाच ठिकाणी वारंवार टोचल्याने त्वचेखाली चरबीची मऊ, रबरासारखी गाठ तयार होते. तिथे टोचलेले दुखत नाही, म्हणून नेमकी तीच जागा पुन्हा निवडली जाते. त्या गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा शोषले जाते. मग डोस वाढवला जातो, साखर कधी चढते तर कधी एकदम कोसळते, आणि कोसळली की पुन्हा खावे लागते. बोटे त्वचेवरून सावकाश फिरवली तर गाठ हाताला लागते. तिथे टोचणे थांबवून निरोगी जागा निवडताना डोस आधी कमी करावा लागतो, कारण आता ते इन्सुलिन पूर्ण शोषले जाणार असते.

एका गोष्टीविषयी स्पष्टच लिहायला हवे. काही जण, विशेषतः तरुण स्त्रिया, वजन उतरवण्यासाठी इन्सुलिन टाळतात किंवा मुद्दाम कमी घेतात. वजन उतरते, पण ते पाणी, स्नायू आणि कीटोन करत जळणारी चरबी यांच्या रूपाने, आणि त्याची किंमत कीटोॲसिडोसिस, डोळ्यांचे आणि मूत्रपिंडांचे अकाली नुकसान आणि कधी प्राण यांनी मोजावी लागते. हा आळस नव्हे की हट्टही नव्हे. तो खाण्याशी आणि शरीराशी बिघडलेल्या नात्याचा आजार आहे आणि त्यावर मधुमेहतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून करायचे उपचार आहेत. कारण न सापडता सतत वाढलेले एचबीए१सी, पुन्हा पुन्हा होणारे कीटोॲसिडोसिस, वजन करून घेण्यास किंवा नोंदी दाखवण्यास टाळाटाळ, ही लक्षणे दिसली तर घरच्यांनी रागावू नये, धाक घालू नये. ‘वजनाची काळजी वाटते का?’ हा साधा प्रश्न प्रेमाने विचारावा. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास अशी लक्षणे असतील, तर मात्र क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

वजनासाठी इन्सुलिनच्या जोडीला औषधे द्यायचे प्रयत्न झाले आहेत. टाइप २ मधुमेहात दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनच्या गोळीने वजन थोडेसे उतरते, साखरेवर टिकाऊ परिणाम मात्र दिसत नाही. ॲमिलिनची जागा घेणारे प्रॅमलिंटाइड हे इंजेक्शन अमेरिकेत २००५ मध्ये मान्य झाले. त्याने भूक व वजन काहीसे कमी होते, पण प्रत्येक मुख्य जेवणाआधी वेगळे टोचावे लागते. लिराग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनच्या चाचण्यांत वजन सुमारे ५ किलोंनी अधिक उतरले, मात्र लो होण्याचे आणि कीटोन वाढण्याचे प्रसंगही वाढले. लघवीतून मुद्दाम साखर जाऊ देणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनला युरोपात २०१९ मध्ये टाइप १ साठी मर्यादित मान्यता मिळाली होती, ती २०२१ मध्ये मागे घेतली गेली. या गटातील औषधांनी साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, त्यामुळे टाइप २ असलेल्या नातेवाइकाची गोळी टाइप १ असलेल्याने आपल्या मनाने घेणे अत्यंत धोक्याचे आहे.

आहार आणि हालचाल यांतून वजन खरोखर उतरू लागले की इन्सुलिनची गरजही उतरते, कधीकधी तर वजनकाट्यावर फरक दिसण्याआधीच. प्रौढांना दिवसाला लागणारे इन्सुलिन साधारणपणे किलोमागे ०.४ ते १ युनिट या दरम्यान असते, त्यामुळे वजन कमी झाल्यावर जुना डोस जास्त ठरतो. तो वेळेवर कमी केला नाही, तर साखर उतरू लागते, पुन्हा खावे लागते आणि मेहनतीने घटवलेले वजन परत येते. म्हणून आहारात बदल करायचे ठरवले, की सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोलून बेसल किती कमी करायचे, बोलसचे प्रमाण कसे बदलायचे आणि पुढचे काही आठवडे नोंदी किती दिवसांनी दाखवायच्या, हे ठरवून घ्यावे.